एक माग, दोन पाळ्या

सोलापूरचा माणूस या भूतलावर कुणाच्या बापाला भीत नाही! ऊन डांबर वितळवते, तो भीत नाही. पाणी कधी येईल हे प्रत्यक्ष नळालाही ठाऊक नसते, तरी तो रोज आंघोळीची आशा धरून जगतो. असा माणूस मंदीला काय भिणार?

हे उद्गार धुळाप्पाचे. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात, सकाळच्या चहाच्या सुट्टीत, सुताच्या रिकाम्या पेटीवर उभे राहून त्याने ते काढले आणि दिवसपाळीच्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ओसरायच्या आत सुपरवायझर नंदीशने दारातून हाक मारली, "धुळाप्पा, मालकांनी बोलावलंय. अर्जंट!"

यानंतरचा बराच काळ धुळाप्पा संडासात होता.

तो बाहेर आला तेव्हा मालक गुरुसिद्धप्पा मुंबईला निघूनही गेले होते. त्यांच्या गाडीखाली मांजर बसले होते, ते हुसकायला त्यांना माणूस हवा होता. एवढेच. पण हे कळल्यावरही धुळाप्पाची भीती गेली नाही. त्या दिवसांत कारखान्यात सगळ्यांचेच तसे चालले होते.

इथले टॉवेल अमेरिकेला जात. तिकडच्या सरकारने बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर वाढवला आणि ऑर्डरी आटल्या. तिकडच्या लोकांनी अंग पुसायचे सोडले असेल असे नाही, पण सोलापूरच्या टॉवेलने पुसणे त्यांना परवडेना. मग कारखान्यात कुजबुज सुरू झाली, की दोन पाळ्यांपैकी एक बंद होणार. कोणती, ते मालक सांगत नव्हते. मालक काहीच सांगत नव्हते. आणि मालक गप्प बसला की कामगाराशी बाकी सगळ्या वस्तू बोलू लागतात. नंदीश मोबाईलवर हसला, की लोक म्हणत, याला समजलंय. हसला नाही, की म्हणत, याला नक्कीच समजलंय. मालकांनी देवाच्या तसबिरीला मोठा हार घातला तर तो शेवटचा म्हणून, आणि लहान घातला तर मोठा परवडत नाही म्हणून!

धुळाप्पा घरी जाई तेव्हा ही भीती त्याच्या आधी घरात शिरून बसलेली असे. लेक ऋतुजा नर्सिंगला होती. तिच्या पुस्तकावर पडलेला बल्बचा उजेडसुद्धा त्याला उधारीचा वाटू लागला होता. बायको बाळाबाई ताट वाढून म्हणे, "जेवा की." तो म्हणे, "जेवतोय की." आणि भाकरीचा घास तोंडात नुसता फिरत राही. पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसऱ्या कारखान्यात कोण घेतो? आणि दुसरे कारखाने तरी कुठे सुखात होते?

आता त्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी. दिवसपाळीला बहुतेक इथली माणसे, रातपाळीला बहुतेक बाहेरची. त्यांची गावे निरनिराळ्या राज्यांत होती, पण दिवसपाळीने सोयीसाठी त्या सगळ्यांना एकच नाव दिले होते, भय्ये. माग मात्र दोन्ही पाळ्यांना तेच. दिवसा जो माग धुळाप्पा चालवी, तोच रात्री उत्तर प्रदेशातल्या देवरियाचा जितबंधन चालवी. पाळी बदलताना माग बंद करायचा नाही, धावता माग दुसऱ्याच्या हवाली करायचा, अशी तिथली रीत होती. एक हात काढतो, दुसरा हात ठेवतो. शेडमध्ये आवाज एवढा, की बोलण्याची सोयच नव्हती. धुळाप्पा दोन बोटे दाखवी, म्हणजे डाव्या बाजूचे धागे तुटतायत. तळवा उलटा करी, म्हणजे आज सूत हलके आलेय. जितबंधन मान डोलवी. सहा वर्षे दोघांनी एक माग वापरला होता आणि एकमेकांशी एक पूर्ण वाक्य बोलले नव्हते. पुष्कळ संसारही असेच चालतात, त्यामुळे कुणाला नवल वाटले नव्हते.

मालक मुंबईला गेले त्या दुपारी शहाजीने धुळाप्पाला पाण्याच्या टाकीपाशी गाठले. शहाजी शेजारच्या मागावरचा. त्याला दर मंदीत एक कल्पना सुचत असे.

"धुळाप्पा, इचार कर. मालक रातपाळी बंद करंल का दिवसपाळी?"

"रातपाळी की. आपन हितले हाव."

"तू लई भोळा हायस गा. ती पोरं एकटी ऱ्हात्यात. कवाबी बोलवा, राबत्यात. आजारपन न्हाय, लगीन न्हाय, तेरावं न्हाय. मालकाला कोन सोईचं? तू का ती?"

धुळाप्पाने टाकीचा नळ बंद केला. हे त्याच्या डोक्यात आलेच नव्हते.

"मग काय करायचं?"

"मालकानं ठरवायच्या आदीच ती गेली, तर ठरवायला ऱ्हातंय काय?"

"मारामारी मला जमायची न्हाय, आदीच सांगतो."

"अरं, हात कोन लावतंय? फकस्त भ्या दाखवायचं. तुजं बीम आज संपतंय न्हवं?"

बीम म्हणजे मागाच्या पाठीमागे बसवलेला उभ्या धाग्यांचा भला मोठा रूळ. ते संपत आले की विणकर धाग्यांची शेवटची टोके मागातच ठेवतो आणि नव्या बीमचे धागे त्यांना एकेक करून बांधले जातात. त्यामुळे माग कधी उघडा पडत नाही. तो उघडा पडतो एकाच वेळी, जेव्हा भंगारात विकायचा असतो. आधी धागे ओढून काढायचे, मग लोखंड तोडायचे. म्हणून धागा नसलेला माग दिसला की विणकराच्या अंगावर काटा येतो. तिरडी बांधायचे सामान दारात आणून ठेवावे, तसे ते दिसते.

शहाजीला काय म्हणायचेय ते धुळाप्पाला समजले. "न्हाय," तो म्हणाला. मग ऋतुजाचे पुस्तक आठवले. मग तो म्हणाला, "बरं."

संध्याकाळी, नंदीश फोनवर असताना, धुळाप्पाने ब्लेडने धागे कापले आणि मूठमूठभर ओढून काढले. घाईत एकदा त्याने स्वतःचा अंगठाच कापून घेतला. जितबंधन आला. रोजच्यासारखा त्याने मागावर ठेवायला हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला. माग बंद होता. नुसता बंद नव्हे, उघडा होता. सांगाडा.

जितबंधनने धुळाप्पाकडे पाहिले. त्या पाहण्याला उत्तर द्यायला बोटांच्या भाषेत खूण नव्हती. धुळाप्पाने खांदे उडवले आणि डबा उचलून तो निघाला. शेडच्या दारापर्यंत पाठीवर ती नजर त्याला ओल्या टॉवेलसारखी जड लागली.

बातमी रातपाळीत वाऱ्यासारखी पसरली. नंदीश घसा फोडून सांगत होता, "अरे, असं काही नाही! मला काहीही इन्फर्मेशन नाही!" सुपरवायझरला इन्फर्मेशन नाही, हे ऐकल्यावर तर उरलीसुरली शंकाही गेली. लॉकडाऊनमध्ये पायी निघालेली माणसे होती त्यांच्यात. पुन्हा अडकून पडायची भीती त्यांच्या तळपायांत जिवंत होती. दोन दिवसांत कारखान्यामागची त्यांची खोली रिकामी झाली. दोरीवर एक बनियन तेवढे वाळत राहिले.

शहाजी खूश झाला. "बगितलास? एक शबूद बोलावा लागला न्हाय!"

धुळाप्पाही हसला. पण त्या रात्री त्याला झोप आली नाही आणि का येत नाही ते कळले नाही.

आपण फेकलेला भीतीचा फास फक्त समोरच्याच्याच गळ्यात पडेल, असे धुळाप्पाला वाटले होते. नागरिकहो, भीतीला पत्ता वाचता येत नाही. खोली रिकामी झाल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी कारखान्याच्या दारात एक तीनचाकी टेम्पो उभा राहिला. त्यातून भंगारवाला उतरला. मंदी आल्याचे अर्थमंत्र्यांच्या आधी भंगारवाल्याला समजते. तो सरळ धुळाप्पाच्या मागापाशी आला, त्याने लोखंडावर बोटांनी टकटक केले आणि कान देऊन ऐकले.

"कारखाना निकाल रै ना? ये मोकळाच है. इसकूच पैले उठाते."

"ए! हात काढ!" धुळाप्पा ओरडला. "माजा माग हाय त्यो!"

"तेराच है रे बाबा. मै कां नै बोल रा? कल आतूं."

दुसऱ्या दिवशी सूतवाला व्यापारी दोन हमाल घेऊन आला आणि पेट्या उचलू लागला. नंदीश आडवा झाला. "मालक येऊ द्या, मग न्या!"

"मालक आल्यावर मालक नेऊ देतील का?" व्यापारी म्हणाला. "गावभर बोभाटा झालाय, कारखाना उठला म्हणून. माझी रक्कम बुडाली तर मी कुणाकडं बघू?" तोही घाबरलेला होता. त्याच्या मागे आणखी कोणी तरी घाबरलेला असणार. पेट्या गेल्या. दुपारपर्यंत निम्मे माग सुताअभावी गप्प झाले. शेडमध्ये एवढी शांतता पडली, की माणसांना एकमेकांचे श्वास ऐकू येऊ लागले. सहा वर्षांत पहिल्यांदाच धुळाप्पाला शहाजी नाकातून शिट्टी वाजवतो हे समजले.

आणि त्या शांततेत मालक परत आले.

गुरुसिद्धप्पा मालकांचा चेहरा आधी फुललेला होता. गाडीतून उतरता उतरताच ते म्हणाले, "नंदीश, काम झालं! परदेश गेला खड्ड्यात, आपल्याच इथल्या मोठ्या दवाखान्यांना टॉवेल पुरवायचे. पार्टी तयार आहे. सोमवारी त्यांचा माणूस येऊन बघणार. दोन्ही पाळ्यांत सगळे माग चालू दिसले तर ऑर्डर आपली, नाही तर इचलकरंजीला जाईल." मग त्यांनी शेडकडे पाहिले. मग कान दिला. "आवाज का नाही?"

नंदीशने सगळे सांगितले. मालक पायरीवर बसले. मालक पायरीवर बसलेला पाहणे हे कामगारांना मालक ओरडण्यापेक्षा भयंकर वाटले.

"पण मी पाळी बंद करणार, असं म्हटलं कधी?" ते म्हणाले. "माझ्या मनात होतं, नाही असं नाही. पण म्हटलं कधी?" थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. "त्या मागाचं सूत कुणी काढलं?"

धुळाप्पाचा कापलेला अंगठा आपोआप मुठीत गेला.

शिलाईच्या खोलीच्या दारात गिरिजाबाई उभ्या होत्या. टॉवेलचे काठ शिवणाऱ्या बायकांत त्या सगळ्यांत मोठ्या. सगळे त्यांना गिरिजाक्का म्हणत. त्यांनी ती मूठ पाहिली. मालक आत गेल्यावर त्यांनी धुळाप्पाला हाताने खूण करून बोलावले. चिंध्यांच्या पोत्यातून त्यांनी धाग्यांचा एक झुबका काढून त्याच्या पुढ्यात धरला. टोके ब्लेडने कापलेली होती आणि एका जागी तपकिरी डाग वाळला होता.

"अंगठा दाखीव."

"मागात सापडला व्हता."

"बंद मागात?"

धुळाप्पा खाली बसला. "अक्का, मला भ्या वाटलं."

"वाटायचंच. मला न्हाय वाटत? भ्या वाटल्याबद्दल तुला कोन बोलतंय?" गिरिजाक्कांनी झुबका त्याच्या मांडीवर टाकला. "माजा दादला मिलमदी व्हता, ठावं हाय न्हवं? मिलचं दिवस भरत आले तवा सूत काडनारे म्हनायचे, कापड इननाऱ्यांमुळं मिल बुडाली. कापडवाले म्हनायचे, सूतवाल्यांमुळं. एकमेकांच्या अंगावर जायचे. सनासुदीला बोलनं बंद. आनि एक दिवस सकाळी भोंगा वाजलाच न्हाय. दोगंबी गेटाच्या भाईर! भांडायलाबी कोन उरलं न्हाय."

"पर अक्का, काम कमी झालं तर कुनाला तरी जावंच लागतंय की."

"काम कुनी कमी केलं? त्या देवरियाच्या पोरानं? त्यो रातभर डोळं फोडून टॉवेल इनत व्हता! अमेरिकेनं आर्डर बंद केली, ते तितं कुटं साता समुदरापल्याड. तितवर तुजा हात पोचंना, म्हनून हाताला जो सापडला त्याला धरलास. आगीचा बंब येईना म्हनून शेजाऱ्याला बदडायचं, असं झालं हे!"

धुळाप्पा झुबक्यातला धागा बोटाला गुंडाळत राहिला.

"त्यो गेला म्हनून तुजं काम वाडलं का?" गिरिजाक्कांनी विचारले. "बग की. तुजा मागबी मोकळा, त्याचाबी मोकळा. एकच माग हाय त्यो, धुळाप्पा! एकच!"

आणि तेव्हा, नागरिकहो, धुळाप्पाला ते दिसले! सहा वर्षे तो ज्याला आपला माग म्हणत होता, त्यावरचा निम्मा टॉवेल दुसऱ्याने विणला होता. रात्री कुणी तो धावता ठेवला, म्हणूनच सकाळी त्याच्या हाती तो धावता येत होता. त्याने जितबंधनचे धागे कापले नव्हते, स्वतःचेच कापले होते!

"कुटं गेलीत ती पोरं?" त्याने विचारले.

गिरिजाक्कांना ठाऊक होते, कारण जाताना निरोप घ्यायला ती फक्त त्यांच्याकडे आली होती. निम्मी रेल्वेने गावी गेली होती. जितबंधन आणि उरलेले मोडनिंबला, डाळिंबाच्या पॅकिंगला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने धुळाप्पा मोडनिंबला उतरला. गिरिजाक्काही सोबत होत्या, कारण एकटा गेला तर हा वाटेतच उतरून परत येईल अशी त्यांना खात्री होती. हायवेला लागून पत्र्याची शेड होती. दारात डाळिंबे पुसत बसलेल्या गावच्या बायकांनी धुळाप्पाला खालून वर पाहिले.

"ह्यो आनि कोन?"

"सोलापूरचा दिसतोय. काम मागाया आला असंल."

"आता सोलापूरचेबी यायला लागले का? आदी ते भय्ये, आता हे! आमी काय दगडं फोडायची व्हय? ए पावनं, हितं जागा न्हाय! आपल्या गावाला जा!"

धुळाप्पाचे तोंड उघडेच राहिले. "अवं, मी हितलाच हाय. मंगळवेढ्याचा."

"मंगळवेढं हितं कुटं आलंय?" एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. हसताना त्यांचे हात मात्र थांबले नाहीत, आणि डोळ्यांत जे होते ते धुळाप्पाच्या चांगले ओळखीचे होते. त्याच्या घरच्या आरशात तो ते रोज पाहत होता.

"बायांनो, भिऊ नका," गिरिजाक्का म्हणाल्या. "आमी न्यायला आलोय, ऱ्हायला न्हाय."

जितबंधन शेडच्या मागच्या बाजूला खोकी चिकटवत होता. धुळाप्पा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. एसटीत त्याने बरेच शब्द जमवले होते, ते सगळे वाटेत सांडले होते.

"धागं मी काडलं," तो म्हणाला. "मालकाला काय म्हाईत न्हवतं. कारखाना बंद न्हाय. मीच काडलं."

जितबंधनने चिकटपट्टी दाताने तोडली. "मालूम है."

"काय?"

"मला तेव्हाच समजलं, धुळाप्पा भाई. मालक धागा काढतो काय? मालकाला बीम कुठं असते ते तरी मालूम है काय? माग पे दोनच हात होते. एक माझा, एक तुझा. माझा नाही." त्याने खोके बाजूला ठेवले. "बाकी लोग डर के गेले. मी डर के नाही गेलो. सहा वर्ष जो माणूस मला चालू माग देतो, तो एक दिन मोकळा देतो, तर मग नोटीस कशाला पाहिजे?"

हे बहुधा दोघांमधले पहिलेच बोलणे होते. धुळाप्पाला वाटले, आवाज पाहिजे होता. शेडचा, मागांचा, कशाचाही. म्हणजे हे ऐकू आले नसते.

"पण मी पण साधू नाही," जितबंधन खाली बघत म्हणाला. "आम्ही लोग मालकाला बोलणार होतो, मजुरी कमी द्या, पण दिवसपाळी पण आम्हालाच द्या. सब ठरलं होतं. मालक मुंबईहून येण्याची वाट बघत होतो. मला पण घरी पोरगी है. मला पण डर."

गिरिजाक्कांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "म्हंजे तू ह्याचा गळा धरलास आनि ह्यो तुजा धरनार व्हता. बरं झालं मालकाला कष्ट पडलं न्हाईत."

धुळाप्पाने हात जोडले. आयुष्यात मालक, देव आणि वीज मंडळाचा वायरमन यांच्यापलीकडे त्याने कुणाला हात जोडले नव्हते. "जितबंधन, सोमवारी नव्या आर्डरीचा मानूस माग बगाया येनार हाय. तू न्हाय आलास तर सगळ्यांचंच गेलं. आनि तसंबी, तू ये. चुकलं माजं."

जितबंधनने चिकटपट्टी खाली ठेवली. मग त्याने दोन बोटे वर केली. डाव्या बाजूचे धागे तुटतायत. धुळाप्पाने मान डोलावली. ती सगळी मंडळी दुपारच्या एसटीने परतली. मोडनिंबच्या बायकांनी त्यांना मोठ्या प्रेमाने निरोप दिला आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक डाळिंब ठेवले. स्पर्धक निघून जाताना माणूस फार उदार होतो.

पण उघडा माग पुन्हा भरणे सोपे नसते. हजारो धागे एकेक करून मागातल्या तारांच्या बारीक डोळ्यांतून आणि फणीतून ओढून घ्यावे लागतात, आणि ते काम एकट्याला होत नाही. एक जण मागे बसून धागा पुढे करतो, दुसरा समोर बसून आकड्याने तो ओढतो. म्हणून रविवारी सकाळपासून धुळाप्पा आणि जितबंधन समोरासमोर बसले. सूतवाल्याच्या घरी जाऊन मालकांनी हातापाया पडून पेट्या परत आणल्या होत्या. धुळाप्पाने मालकांनाही सगळे सांगून टाकले होते. मालकांनी त्याला शिव्या दिल्या नाहीत. "मी बोललो असतो तर तू हे केलं नसतंस," एवढेच ते म्हणाले, आणि त्यांचे तोंड उतरले. शहाजी मात्र दिवसभर कोपऱ्यात सूत भरत राहिला आणि त्याला एकही कल्पना सुचली नाही.

धागा पुढे, धागा ओढ. धागा पुढे, धागा ओढ. मध्येच जितबंधनने विचारले, "बेटी काय शिकते?" धुळाप्पा म्हणाला, "नर्सिंग. तुजी?" "चौथी." परत धागा पुढे, धागा ओढ. दोघांच्या पोटात सोमवारची भीती होती. पण ती आता दोघांच्या पोटात होती, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला थोडी कमी आली असावी.

सोमवारी दवाखान्यांचा माणूस आला. सगळे माग धावत होते, आणि जी माणसे गावी गेली ती परत आली नव्हती, म्हणून त्यांच्या जागी दिवसपाळीचीच माणसे संध्याकाळी उभी होती. माणसाने टॉवेल चोळून पाहिला, वास घेतला, फोन लावला. आणि निम्मीच ऑर्डर दिली.

निम्मी. आधीचा काळ असता, तर या एका शब्दावर शेडमध्ये रक्त गोठले असते. आताही गोठलेच. पण मालकांनी एक गोष्ट वेगळी केली. दोन्ही पाळ्यांना एकत्र उभे केले आणि जे होते ते तोंडाने सांगितले.

मग धुळाप्पा पुढे झाला. "मालक, एक पाळी बंद करू नका. दोगींचेबी दिवस कमी करा. आटवड्यातनं थोडं त्यांनी घरी बसायचं, थोडं आमी. आनि कमी मजुरीत कुनीबी काम मागायचं न्हाय, हितल्यानं न्हाय आन् तितल्यानंबी न्हाय. ठरलं का रं?"

"ठरलं," रातपाळी म्हणाली. जितबंधन सगळ्यांत आधी म्हणाला.

मालकांनी दोन्ही पाळ्यांकडे पाहिले. "चालेल," ते म्हणाले. "पुढच्या महिन्याचं मी आज सांगू शकत नाही. पण काय ते मी सांगेन. भिंतीवरच्या हारावरून ओळखू नका."

गिरिजाक्कांचे डोळे पाणावले होते. त्या म्हणाल्या, "बाबांनो, मंदी कुनाच्याबी दारात येती. समद्यांनी मिळून दार आतनं दाबून धरायचं का शेजाऱ्याला भाईर ढकलायचं, एवडं आपल्या हातात हाय."

नागरिकहो, धुळाप्पा जे शिकला ते आपणही आपल्या कारखान्यात, कचेरीत, गल्लीत लक्षात ठेवायला हवे. काम कमी होते तेव्हा भीती खरी असते, तिला लाजू नये. पण ती जवळच्या गरिबाच्या माथी मारली, की काम वाढत नाही, भीतीच वाढते. दूरवर घेतलेल्या निर्णयांचा हिशेब शेजाऱ्याकडे मागायचा नसतो. ज्याला आपण बाहेरचा म्हणतो, त्याचा हात बहुधा आपल्याच मागावर असतो, आणि तो काढला की माग आपलाही थांबतो. म्हणून भ्यायचे तर एकत्र भ्यावे, आणि जे काय उरले असेल ते वाटून घ्यावे!

मालकांनी रुमालाने डोळे पुसले आणि भरल्या आवाजात विचारले, "आणखी कुणाला काही बोलायचंय? आज मोकळेपणानं बोला. काहीही मागा."

जितबंधनने हात वर केला.

"मालक, रात को मच्छर लई हाय. एक कॉइल मिळंल का?"